बिरादार सरांना साखर नव्हती

बिरादार सर गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की सरांनी मधुमेहासारख्या चिवट आजाराशी हसतमुखाने झुंज दिली. संस्थेच्या सचिवांनी ती झुंज प्रदीर्घ होती अशी भर घातली. सय्यद सरांना बोलताना रडू आवरेना. ते म्हणाले, "इतकी वर्षं एका गाडीत बसलो, पन माझ्या भावानं कधी पेढ्याला हात लावला न्हाई."

सर हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. मधुमेह त्यांना कधीच नव्हता. ही गोष्ट त्या सभेत दोघांनाच माहीत होती, मला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीला, कलावहिनींना. वहिनींनी पदर तोंडाला लावून मान खाली घातली होती. त्या रडतायत असं सगळ्यांना वाटलं. मी शेजारीच बसलो होतो. त्या हसू दाबत होत्या, आणि मग खरंच रडायला लागल्या.

दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. निघताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी लिवता न्हवं? मग सरांवर लिवा. पन साखर म्हनून लिवू नका. जे हुतं ते लिवा."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"ज्याला तेच दुखतंय तो काय बी म्हननार न्हाई. गप वाचंल. बाकीच्यांचं काय करायचंय?"

म्हणून हे लिहितो आहे.

व्यंकट बिरादार आणि मी निलंग्याच्या एकाच शाळेत होतो. ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. दोघंही लातूरला राहायचो आणि रोज सय्यद सरांच्या मारुती व्हॅनमधून अप-डाउन करायचो. सय्यद सर हिंदीचे. गाडी त्यांची, गाणी त्यांची, पेट्रोल सगळ्यांचं.

बिरादार सर उंच होते आणि खांद्यात किंचित वाकलेले. फळ्यावर खडू न उचलता भारताचा नकाशा काढायचे. गुजरातपाशी आले की मुलं श्वास रोखायची. बोलणं कमी. कुठल्याही चर्चेत ते एकदाच तोंड उघडत आणि शेवटी म्हणत, "विषय संपला." बहुतेक वेळा विषय तिथून सुरू व्हायचा, पण सरांच्या बाजूने तो संपलेला असे.

व्हॅनमध्ये त्यांची जागा दाराशी, ठरलेली. सीटवर ते आधी रबराची एक गोल उशी ठेवत, मधे भोक असलेली, आणि मग त्यावर बेताने बसत, जसं कोणी दुसऱ्याचं सामान खाली ठेवतं. कोणी विचारलं तर सांगत, मूळव्याध. वर्गातही ती उशी यायची. मुलांनी तिला विषुववृत्त असं नाव ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. "मधोमध हाय, म्हनून ठेवलं असंल," एवढंच ते म्हणाले.

आणि गाडी थांबवणं. औसा सुटलं की थोड्या वेळात, "सय्यद, जरा बाजूला घे." लामजन्याच्या अलीकडे परत, "सय्यद, जरा." सय्यद सरांना त्या रस्त्यावरची झाडं पाठ झाली होती. एका कडुनिंबापाशी गाडी सांगायच्या आधीच हळू व्हायची. एकदा उन्हाळ्यात सगळीकडे पानगळ असताना ते झाड हिरवंगार दिसलं, तेव्हा सय्यद सर म्हणाले, "बिरादार सर, ह्याची सगळी मेहरबानी तुमची हाय." सर हसले नाहीत. झाडाकडे जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चल."

साखरेचं असं झालं. एका दुपारी सर स्टाफरूममधून उठून बाहेर गेले, आले, बसले, परत उठले. तेव्हा गणिताच्या मॅडम काळजीने म्हणाल्या, "सर, एकदा साखर तपासून घ्या हो. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं." सगळे सरांकडे बघायला लागले. सर दाराकडे पाहत म्हणाले, "हाव. हाय थोडी."

त्या क्षणापासून त्यांना साखर झाली. शिपाई त्यांचा चहा वेगळा, बिनसाखरेचा आणू लागला. निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा फिरताना सरांपाशी येऊन वळून पुढे जाऊ लागला. कुणाच्या घरून कारल्याचा रस यायचा, कुणी जांभळाच्या बियांची पूड करून द्यायचं, सय्यद सरांच्या बेगमनी मेथीदाणे भिजवून बाटलीत भरून पाठवले होते. सर सगळं घ्यायचे. नकार द्यायला कारण नव्हतं. वास्तविक त्यांना गोडाचं भयंकर वेड होतं. मला पुढे ते म्हणाले, "खोटं एकदाच बोललो रे पांचाळ. बाकी नुसता चहा प्यावा लागला."

हे सगळं मला कळलं ते नांदेडला. दिवाळीची सुट्टी लागली होती. सर घरी आले आणि म्हणाले, "नांदेडला येतोस का? एक काम हाय." काय काम, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. एसटीने निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा ते उतरून आले, लोह्याला थांबली तेव्हाही. मधल्या वेळात खिडकीबाहेर पाहत बसले. बोलले एवढंच, "फोनवर वाचत जाऊ नको पांचाळ. सुरुवात जळजळीपासून होती आन् शेवट कॅन्सरमध्ये होतो. मधलं एक बी टेशन सोडत न्हाईत."

नांदेडात रिक्षाने ते मला एका दवाखान्यात घेऊन गेले. वर पाटी मूत्ररोगतज्ज्ञांची. बाकावर बसलो. बरीच माणसं होती, आणि सगळी एकमेकांकडे न बघता बसली होती. थोड्या वेळाने आतून कंपाउंडर आला आणि त्याने हाक मारली, "दिलीप पांचाळ!"

मी उठलो. माझं नाव दिलीप पांचाळ आहे.

शेजारी बिरादार सरही उठले.

कंपाउंडरने दोघांकडे पाहिलं. "दोघं बी दिलीप पांचाळ?"

"हा आला सोबत," सर म्हणाले. "आमचा नंबर जरा मागं ठेवा. बाहेर जाऊन येतो."

बाहेर जिन्यात उभं राहून त्यांनी मला सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. समोरच्या मेडिकलच्या पाटीकडे पाहत एकसुरात बोलत होते, जसं वर्गात पर्जन्यमान सांगावं.

लग्नानंतर काही वर्षांनी ते एका प्रशिक्षणाला औरंगाबादला गेले होते. मुक्कामी प्रशिक्षण. सोबतचे शिक्षक एका संध्याकाळी त्यांना एका लॉजवर घेऊन गेले. तिथे एक बाई होती. सर गेले. एकदाच. परत आले आणि महिन्याभराने लघवीला जळजळ सुरू झाली. मग ओटीपोटात दुखायला लागलं, मग बसलं की खाली, दोन मांड्यांच्या मधे, कोणी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं. घडीघडीला लघवीला लागायची आणि गेलं की थेंबभर व्हायची. त्यांनी ठरवलं की आपल्याला रोग लागला. कुठला ते ठरवलं नाही. वाईटातला वाईट.

लातूरला दाखवायची सोय नव्हती. प्रत्येक दवाखान्यात एक तरी माजी विद्यार्थी. मग जत्रेतल्या तंबूतल्या वैद्याच्या पुड्या झाल्या. बसस्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर ज्यांची जाहिरात असते त्या हकिमाच्या गोळ्या झाल्या. त्याने सांगितलं की लहानपणीच्या सवयींमुळे नसा कमजोर झाल्यात. त्यामुळे सरांना आणखी एक काळजी लागली. मग ते नांदेडला येऊ लागले. आज या लॅबमध्ये, उद्या त्या. रक्त तपासलं, लघवी तपासली, एचआयव्ही तपासला. सगळं नॉर्मल. नॉर्मल आलं की सरांना चार दिवस बरं वाटायचं. मग वाटायचं, लॅब चुकली असेल. मग दुसरी लॅब.

"आन् माझं नाव?" मी विचारलं.

"पहिल्यांदा गेलो तवा काउंटरवरच्या पोरीनं नाव विचारलं. माझं सांगवंना. दुसरं कुनाचं म्हनून डोक्यात आलं ते तुझं आलं." ते अजून पाटीकडेच पाहत होते. "मग तेच चालू ठिवलं. बदललं असतं तर गोंधळ झाला असता."

म्हणजे नांदेडमधल्या निम्म्या लॅबमध्ये माझी लघवी तपासली गेली होती आणि मी ठणठणीत होतो. मला राग यायला हवा होता. तो आलाही असता, पण मी सरांचे हात पाहिले. ते जिन्याच्या कठड्याला धरून होते आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती.

"आज मला कामून आणलं?"

"आज ते सांगनार हायत काय हाय ते. सोनोग्राफी झाली, समदं झालं. कॅन्सर म्हनले तर ऐकायला कुनी तरी पायजे. घरी सांगता येत न्हाई."

आम्ही परत आत गेलो. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी मला पाहून विचारलं, "हे कोण? बाहेर बसतील का?"

"राहू द्या त्याला," सर म्हणाले. "नाव त्याचंच हाय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. काही विचारलं नाही. त्या खोलीत त्यांनी याहून चमत्कारिक गोष्टी ऐकल्या असाव्यात.

सगळे कागद त्यांनी बाजूला ठेवले आणि सरांना पडद्याआड नेलं. मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र पाहत बसलो. पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज येत होता. "पाय वर घ्या. बोट घालून तपासतोय. घाबरू नका. इथं दुखतं?" "न्हाई." "इथं?" "न्हाई." "इथं?"

"हाव! हाव! तेच! तिथंच!" सर इतक्या जोरात म्हणाले की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला. कोणाला तरी अनेक वर्षांपूर्वी हरवलेली वस्तू सापडावी असा तो आवाज होता.

सर कपडे नीट करून येऊन बसले. डॉक्टर हात धूत धूतच बोलायला लागले. "तुम्हाला इन्फेक्शन नाही. गाठ नाही. तुम्ही ज्याला घाबरता तो कुठलाही रोग नाही; असता तर इतक्या वर्षांच्या तपासण्यांत दिसलाच असता. ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात, मूत्राशयाला खालून धरून ठेवणारे. ते तुमचे दगडासारखे आवळलेले आहेत. मी दाबलं तो स्नायू होता. हात पुढे करा. मूठ आवळा. घट्ट."

सरांनी मूठ आवळली. डॉक्टर टॉवेलला हात पुसत राहिले. पुसून झाले, खुर्चीत बसले, पेन शोधलं. सर मूठ आवळून बसलेच होते.

"आता दुखतंय का हात?"

"दुखायलाय."

"तुम्ही खालची मूठ अशी कितीतरी वर्षं आवळून बसलाय. सुरुवातीला कदाचित साधी जळजळ असेल, ती गेली. भीती राहिली. भीतीने माणूस आवळतो, आवळलं की दुखतं, दुखलं की परत भीती. दुखणं खोटं नाही तुमचं, पूर्ण खरं आहे. फक्त रोग तो नाही."

सर आपल्या मुठीकडे पाहत होते.

"बायकोला सांगितलंय?"

"न्हाई."

"संबंध?"

सरांनी मान हलवली. नाही. तिला लागू नये म्हणून ते तेव्हापासून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत होते. घरी कारण सांगितलं होतं की रात्रीतून सारखं उठावं लागतं, तुझी झोपमोड नको.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या; थोड्याच. अँटिबायोटिक बंद, लॅब बंद, कोमट पाण्यात बसायचं, चालायचं, आणि एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं जी हे स्नायू सैल करायचे व्यायाम शिकवते. म्हणाले, हळूहळू फरक पडेल, एकदम नाही, आणि कदाचित शंभर टक्के नाहीच. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या मिसेसचीही एकदा तपासणी करून घ्या, तुमच्याच समाधानासाठी. पण कशासाठी ते आधी त्यांना कळू द्या. ते सांगितल्याशिवाय ही मूठ काही सुटायची नाही."

दिवाळीसाठी वहिनी माहेरी, मुदखेडला होत्या. नांदेडहून रेल्वेने तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. सर तडक निघाले. मला म्हणाले, "तू बी चल. मधेच उतरून पळून जाईन मी." मी गेलो.

वहिनींचे भाऊ मुंजाजी यांची काकड्याच्या फुलांची शेती आहे. पांढरी, मोगऱ्यासारखी कळी. पहाट फुटली की तोडायची आणि फुलायच्या आत बाजारात न्यायची. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही मळ्यात होतो. वहिनी कमरेला ओटी बांधून कळ्या तोडत होत्या. मुंजाजीभाऊंनी मला बाजेवर बसवून चहा दिला. सर म्हणाले, "मी जरा हिला मदत करतो," आणि काकड्याच्या ओळीत शिरले. भाऊंना आश्चर्य वाटलं. "पाव्हने कधी तोडायला येत न्हाईत," ते म्हणाले. मी म्हणालो, "हवा चांगली आहे." दुसरं काही सुचलं नाही.

बाजेवरून मला दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. सर ओळीच्या एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला. सर एक कळी तोडत आणि बोलत. वहिनींचे हात थांबत नव्हते. सर बोलायचे थांबले तरी त्यांचे हात चालूच होते. ओळ संपली. त्या दुसऱ्या ओळीत गेल्या, सर मागोमाग गेले. मग वहिनी सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. सर खाली बसले. चक्कर येऊन नव्हे, नुसते मातीत बसले, उशीशिवाय. वहिनी त्यांना तिथेच ठेवून पुढच्या ओळीत गेल्या.

परतीच्या गाडीत सर एकटेच होते. म्हणजे माझ्यासोबत. वहिनी आल्या नव्हत्या.

"काय म्हणाल्या वहिनी?" मी बऱ्याच वेळाने विचारलं.

"म्हनली, मला वाटलं माझ्या अंगाला वास येतो."

मला कळलं नाही.

"मी बाहेर झोपायला लागलो ना, तवापासून तिला वाटायलंय की तिच्या अंगाला वास येतो, म्हनून मी दूर गेलो. म्हनली, तुमाला वास येऊ नये म्हनून मी दोन-दोन टायमाला आंघोळ करून राहिले. हिवाळ्यात बी, गार पान्यानं. कुनाला विचारावं? आईला इचारलं, तर आई म्हनली येत न्हाई. तिला वाटलं आई कशाला खरं सांगंल."

गाडी एका स्टेशनात थांबली. सर बाहेर बघत होते.

"ती रात्री आंघोळ करायची ते मला माहीत हुतं रे. बाथरूममधनं पान्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, तिला उकडत असंल."

मग ते म्हणाले, "मी म्हनलं, झालं गेलं, आता विषय संपला. ती म्हनली, तुमचा संपला असंल. माझा आज सुरू झालाय."

वहिनी बऱ्याच दिवसांनी लातूरला आल्या. आल्या त्या सरळ घरी न जाता आधी सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या खिडकीवर त्यांनी नाव सांगितलं, कलावती व्यंकट बिरादार. कशासाठी आलात असं विचारल्यावर मोठ्याने सांगितलं, "नवऱ्याला भीती हाय म्हनून." रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. वहिनींनीही त्यांच्याकडे पाहिलं. तपासणीत काही निघालं नाही. तो कागद त्यांनी घरी नेऊन सरांसमोर ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या.

सरांचे व्यायाम सुरू झाले. फिजिओथेरपिस्ट एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, सर, पोट सैल सोडा. सरांना ते जमेना. जन्मभर मुलांना पोट आत, छाती बाहेर सांगत आलेला माणूस. ती म्हणाली, श्वास खाली, पार बैठकीपर्यंत जाऊ द्या. सर घरी, शाळेत, व्हॅनमध्ये डोळे मिटून श्वास खाली पाठवू लागले. सय्यद सरांनी ते आरशात पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "सरांना दमा बी झाला का?" पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये सरांना साखरेसोबत दमाही होता. सरांनी तोही मान्य केला. म्हणाले, "आता एकाला इतकं सांभाळलं, तर दुसऱ्याला कामून न्हाई म्हनू?"

फरक पडत गेला. सय्यद सरांच्या कडुनिंबापाशी गाडी हळू व्हायची आणि सर म्हणायचे, "चालू दे." काही दिवस परत दुखायचं. परीक्षेच्या काळात, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, पेपरात एखादी बातमी वाचल्यावर. पण आता ते लॅबला जात नव्हते. दुखलं की म्हणत, "मूठ आवळली वाटतं," आणि चालायला जात. बिनसाखरेचा चहा मात्र तसाच राहिला. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, गोड चहा आता घशाखाली उतरत नाही.

याच काळात मुलींच्या स्वच्छतागृहाचं प्रकरण झालं. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह होतं आणि त्याला कुलूप होतं. घाण करतात म्हणून. किल्ली कार्यालयात, आणि कार्यालयात चार पुरुष बसलेले. कोण मुलगी मागणार? मुली सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नसत. हे सगळ्यांना दिसत होतं. बिरादार सरांना ते दुखत होतं. त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलं, दोनदा. मुख्याध्यापक म्हणाले, बघू.

मग शिक्षकसभा आली. चहापानाची जबाबदारी सरांनी मागून घेतली. त्या दिवशी चहाऐवजी थंडगार ताक होतं, जिरं घातलेलं, मोठ्या ग्लासात. उन्हाळ्याचे दिवस होते, सगळ्यांनी परत परत घेतलं. मुख्याध्यापकांना सरांनी स्वतः आग्रह केला. मग सर उभे राहिले आणि आगामी वर्षाच्या भूगोल प्रदर्शनावर बोलू लागले. मोसमी वाऱ्यांपासून सुरुवात केली. ढग, दाब, पाऊस, नद्या, धरणं. धरण भरलं की काय होतं, सांडव्याचे दरवाजे कोणाच्या हातात असतात, हे सविस्तर. अर्ध्या तासाने इंग्रजीचे सर बाहेर गेले आणि लगेच परत आले. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं.

"किल्ली कुठाय?" मुख्याध्यापकांनी विचारलं. ते खुर्चीत पायावर पाय घालून बसले होते.

"माझ्या खिशात," बिरादार सर म्हणाले. "घाण होती म्हनून लावलं. ज्याला पायजे त्यानं इथं येऊन, समद्यांसमोर मागावी."

गणिताच्या मॅडम हसायला लागल्या होत्या, त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"बिरादार सर, हा काय प्रकार आहे?"

"काही न्हाई सर. पोरी रोज बसत्यात तसं आपन एक दिवस बसलो." आणि ते गोदावरीच्या खोऱ्याकडे वळले.

गोदावरी समुद्राला मिळायच्या आत मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं. पाण्याची टाकीही आली, जरा उशिराने. मुख्याध्यापक नंतर सरांशी महिनाभर बोलले नाहीत, पण शोकसभेत त्यांनी हा प्रसंग सरांची विनोदबुद्धी म्हणून सांगितला. त्यातलं ताक तेवढं गाळलं.

घरची गोष्ट एवढी लवकर मिटली नाही. वहिनी बोलत होत्या, स्वयंपाक करत होत्या, पाहुण्यांसमोर नीट वागत होत्या. पण सरांना गरम भाकरी वाढत नव्हत्या. तव्यावरून उतरवलेली भाकरी बाजूला ठेवायच्या, गार झाली की ताटात. मुलं सुट्टीला घरी आली की त्यांना गरम, सरांना गार. सरांनी कधी मागितली नाही. मला सांगताना त्यांनी तक्रारही केली नाही. "बरोबर हाय तिचं," म्हणाले. "मी तिला किती वर्षं गार पान्यानं आंघोळ करायला लावली."

वर्ष उलटून गेलं असेल. एका सकाळी सर व्हॅनमध्ये येऊन बसले. औशाच्या पुढे ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पांचाळ, आज भाकर गरम हुती."

सय्यद सरांनी आरशात पाहिलं. "मग काय झालं त्यात?"

"काही न्हाई," सर म्हणाले. "चालव तू."

दिवाणावरची गादी कधी आत गेली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. एकदा त्यांच्या घरी गेलो तर दिवाणावर वहिनींनी शिवणाचं मशीन मांडलेलं होतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते लातूरला, सिद्धेश्वराच्या यात्रेत. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ते गेले. मी आणि बायको पाळण्यांच्या बाजूने चाललो होतो. खाली माणसं बसवायला आकाशपाळणा थांबला होता आणि अगदी वरच्या डब्यातून कोणीतरी ओरडत होतं, "अरे उतरव! आम्हाला उतरव आधी!" आवाज ओळखीचा वाटला म्हणून मान वर केली. बिरादार सर होते. डोळे घट्ट मिटलेले. शेजारी कलावहिनी आरामात टेकून बसल्या होत्या आणि सगळं लातूर पाहत होत्या. बोट दाखवून सरांना काहीतरी दाखवत होत्या, जे ते पाहत नव्हते.

पाळणा सुरू झाला. डबा खाली आला तेव्हा मी हाक मारली. सरांनी डोळे उघडले, मला पाहिलं. हात हलवायला त्यांना हात मोकळा नव्हता. एक लोखंडी दांडीवर होता आणि दुसरा वहिनींनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता. त्यांनी नुसती मान हलवली. मग पाळणा त्यांना घेऊन परत वर गेला.